रिकाम्या गणवेशाची जाहिरात

आळंदीत ज्ञानोबांनी भिंत चालवली, अशी श्रद्धा आहे. पहिल्या महायुद्धात सरकारने उलटा चमत्कार केला: भिंत जागीच राहिली, तिच्यावरचं चित्र पाहून माणसं चालू लागली. लंडनमध्ये १९१४ साली चित्रातल्या युद्धमंत्री किचनरसाहेबांनी भिंतीवरून बोट रोखलं आणि तरुणांची लाज काढली. (मिशांचाही वाटा होताच.) हिंदुस्थानातल्या एका भरतीच्या चित्रात मात्र साहेब नव्हता, शत्रू नव्हता, माणूसच नव्हता. होता रिकामा गणवेश, बंदूक आणि रुपये. सोबत सवाल, हे कोण घेणार? तिकडे कर्तव्य, इकडे लिलाव. तरी हेच चित्र मला जास्त प्रामाणिक वाटतं. बोटाची ताकद किती, ते १९१६ मध्ये कळलं. ब्रिटनला सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला. गणवेश निदान सौदा उघड मांडतो. लपवतो एवढंच, की आतला माणूस गेला कुठे.

कुणी म्हणेल, पैशासाठी गेले म्हणणं हा शूरांचा अपमान आहे. शौर्य त्यांचंच होतं. चित्रकाराचा त्यात छदामही नव्हता. शिवाय ‘कोण घेणार’ हा सवाल सगळ्यांना नव्हताच. लढवय्ये नाहीत असं ठरवून महारांना लष्कराची दारं आधी बंद केलेली. १९१७ मध्ये माणसं कमी पडली, तसे तेच लढवय्ये ठरले आणि १११ महार ही पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. गणवेशाबरोबर लढवय्येपणही बहुधा कोठारात जमा करून घेतलं असावं.