लाथ, पेढा आणि उघडी बस

मराठी वृत्तवाहिन्यांवरून खेळाच्या बातम्या नाहीशा होत चालल्या आहेत, अशी तक्रार क्रीडाप्रेमी मंडळी वर्षानुवर्षे करीत आली आहेत. ती वरवर रास्त वाटली तरी शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, कारण ज्याला ही मंडळी ऱ्हास म्हणतात ते वस्तुतः शुद्धीकरण आहे. पूर्वीच्या क्रीडावृत्तात खेळ आणि वृत्त ही दोन द्रव्ये एकत्र मिसळलेली असत, आणि त्यांपैकी पहिले द्रव्य वेळखाऊ, समजण्यास अवघड व जाहिरातदारांच्या प्रकृतीस न मानवणारे आहे हे ध्यानात आल्यावर वाहिन्यांनी ते मोठ्या निगुतीने गाळून वेगळे काढले. गाळणीतून खाली जे उतरले त्यात खेळाचा अंश सापडत नाही, ही प्रयोगाच्या यशाची खूण मानावी लागेल.

या यशाची थोरवी कळण्यासाठी आधीची अशुद्ध अवस्था पाहणे अगत्याचे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे संध्याकाळच्या मराठी बातम्या घरोघरी नेमाने पाहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या पाव-अर्ध्या तासात राज्य, देश आणि परदेश उरकल्यावर हवामानाच्या आधी खेळाची पाळी येई, आणि निवेदक आवाजाची पट्टी जराही न चढवता धावसंख्या वाचून दाखवीत. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत करीत, तेव्हा ऐकणाऱ्याला दिसत काहीच नसे, तरी मैदानावर काय चालले आहे ते कळत असे. वृत्तपत्रांत वि. वि. करमरकर यांनी १९६२ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मधून खेळाला हक्काची जागा मिळवून दिली आणि कबड्डी-खोखोकडे क्रिकेटइतक्याच गांभीर्याने पाहण्याची सवय मराठी वाचकाला लावली. २००७च्या सुमारास मराठीत चोवीस तास चालणाऱ्या खासगी वृत्तवाहिन्या उभ्या राहू लागल्या आणि गणितज्ञांना चक्रावून टाकणारी घटना घडली : पाव-अर्ध्या तासात जो खेळ सहज मावत असे, तो चोवीस तासांत मावेनासा झाला.

याचे पहिले कारण वाहिन्यांकडून सांगितले जाते ते प्रक्षेपणहक्कांचे. प्रक्षेपणहक्क म्हणजे सामना दाखवण्याची मालकी, आणि ती काय भावाने विकली जाते याची कल्पना यावी म्हणून एवढेच नोंदवावे की, आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढी रक्कम मोजणारा मालक वृत्तवाहिन्यांना सामन्याची दृश्ये मोजूनमापून देतो, त्यामुळे बातमीत फलंदाज दिसतो तो बहुधा स्थिरचित्रात, नाही तर विमानतळावर कानाला हेडफोन लावून बसकडे चालताना. या अडचणीतूनच वृत्तवाहिन्यांना एक मौलिक शोध लागला, तो असा की बसचे प्रक्षेपणहक्क कोणी विकत घेतलेले नसतात. विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाची ४ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरून उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, तेव्हा या शोधाचे सार्वजनिक प्रात्यक्षिक झाले. बस निघण्यापूर्वीची बस, निघालेली बस, गर्दीत अडकलेली बस, तिच्या वाटेवरच्या झाडाच्या फांदीवर चढून बसलेला चाहता आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उरलेला चपलांचा खच, असे सर्वांगीण वार्तांकन झाले. त्यातच ती बस गुजरातहून आणल्याचा बोभाटा होऊन विरोधकांनी बेस्टच्या बसचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा तर क्रीडावृत्ताने आपली सर्वोच्च अवस्था गाठली, कारण आता चर्चेत खेळाडू नसले तरी चालणार होते. पुढे विधान भवनातला सत्कार, संघाला जाहीर झालेले ११ कोटी रुपये आणि त्यावरचे आक्षेप यांनी उरलेला आठवडा सुखेनैव भरून काढला.

तथापि हक्कांची ही सबब क्रिकेटपुरती मान्य केली तरी तालमीतल्या कुस्तीला, गल्लीच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात चालणाऱ्या कबड्डीला आणि शाळांच्या खो-खो स्पर्धांना ती लागू पडत नाही. तेथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्यास कोणी अडवीत नाही. उलट संयोजक खुर्ची देतात, नारळपाणी देतात आणि निघताना नाव विचारून शालही देतात. अडचण असते ती निराळीच, आणि ती म्हणजे तीन तास बसून सामना पाहील व त्यात काय घडले ते दोन वाक्यांत सांगेल असा माणूस पगारपत्रकावर शिल्लक नसणे. जिल्ह्यातला वार्ताहर बहुधा 'स्ट्रिंगर' असतो, म्हणजे त्याला महिन्याचा पगार नसून बातमीमागे मोबदला मिळतो, आणि सकाळी अपघात, दुपारी मोर्चा व संध्याकाळी पालकमंत्री अशी ज्याची दिनचर्या आहे, त्याने रात्री साडेदहाच्या अंतिम सामन्यातली शेवटची चढाई पाहण्यासाठी थांबावे, ही अपेक्षा अर्थशास्त्रात बसत नाही. तो उद्घाटनाला येतो आणि उद्घाटन घेऊन जातो.

म्हणूनच आमदार चषक, नगराध्यक्ष चषक, अमुक साहेब वाढदिवस चषक अशा स्पर्धांमधला वार्तांकनयोग्य भाग एका चेंडूत आटोपतो. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले लोकप्रतिनिधी पॅड न बांधता फलंदाजीला उभे राहतात, तालुक्यातला सर्वांत वेगवान गोलंदाज आयुष्यात प्रथमच खांद्याखालून चेंडू टाकतो, पहिला चेंडू हुकला तर तो धरला जात नाही, दुसरा बॅटला लागून जेथे जाईल तेथे टाळ्या वाजतात, आणि रात्री 'आमदारांची तुफान फटकेबाजी' या मथळ्याखाली तो चेंडू अनेकदा सीमापार जातो. त्यानंतर चार दिवस जे सोळा संघ धुळीत खेळतात त्यांच्याविषयी जिज्ञासा असणाऱ्याने मंडळाच्या फलकावर खडूने लिहिलेले निकाल वाचावेत.

देशी खेळांच्या बाबतीत १९ जानेवारी २०२५ हा दिवस अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावा. त्या दिवशी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने झाले आणि भारताच्या महिलांनी नेपाळचा ७८-४० असा, तर पुरुषांनी नेपाळचाच ५४-३६ असा पराभव केला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. दुर्दैवाने त्याच दिवशी पहाटे एका अभिनेत्यावरील हल्ल्यातील संशयिताला ठाण्यात अटक झाली आणि रात्री नाशिक व रायगडच्या पालकमंत्रिपदांना स्थगिती मिळाली, त्यामुळे दोन विश्वविजेतेपदे त्यांच्या मधल्या फटीत बसवणे भाग होते. शाळेत खो-खो खेळलेल्या पिढीला ७८ हा आकडा ऐकून कोडे पडले असणार, कारण तिच्या काळात एक गडी बाद झाला की एक गुण असे. नव्या पद्धतीत प्रत्येक बाद गड्याचे दोन गुण मिळतात आणि बचाव करणारी तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली की तिला 'ड्रीम रन'चे गुण वेगळे मिळतात. हे समजावून सांगायला अर्धे मिनिट पुरते. परंतु पालकमंत्रिपद कोणाला का मिळाले नाही हे सांगण्यास सात तज्ज्ञ आणि पाच खिडक्या लागतात (पडद्यावर एकाच वेळी बोलणाऱ्या माणसांच्या चौकटींना त्या व्यवसायात खिडकी म्हणतात, कदाचित तिच्यातून बाहेर उडी मारण्याची इच्छा होते म्हणून), आणि खिडक्या उघडल्यावर ते अर्धे मिनिट आणायचे कोठून हा प्रश्न कोणत्याही संपादकास पडेल.

यानंतर दोनच आठवड्यांनी, २ फेब्रुवारी २०२५ रोजी, अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. गादीवरच्या एका लढतीत पंचांनी चितपट दिली, म्हणजे एका मल्लाचे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले असा निर्णय दिला. तो निर्णय न पटल्याने पराभूत मल्लाने पंचाला लाथ मारली. कुस्ती त्या रात्री महाराष्ट्रातील प्रमुख बातमी झाली, आणि ज्यांनी वर्षभरात आखाड्याचे नाव काढले नव्हते त्यांनी ती लाथ मंद गतीने, उलट्या दिशेने आणि लाल वर्तुळात बंदिस्त करून दाखवली. त्या सायंकाळी अंतिम लढतही पूर्ण झाली नाही आणि शेवटी दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली, त्यामुळे विषय पुढचे काही दिवस तापता राहिला. पृथ्वीराज मोहोळ त्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी ठरला, हा तपशील मात्र अनेकांना आजही आठवून सांगावा लागतो. खांदे टेकले की नाही, पकड कोणती होती, सुटका शक्य होती का, या प्रश्नांत कुस्ती होती; लाथेत ती नव्हती, आणि म्हणूनच लाथ सर्वांना समजली.

येथे एक विसंगती अभ्यासकाने टिपून ठेवावी. आखाडा, धोबीपछाड, चितपट, शड्डू, खो देणे, विकेट, गुगली आणि क्लीन बोल्ड या सगळ्या गोष्टी मराठी वृत्तवाहिन्यांवर रोज संध्याकाळी घडतात, पण त्या मैदानावर न घडता मंत्रालय आणि पक्षकार्यालय यांच्या दरम्यान घडतात. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडली, त्या वेळी निवेदकांनी वापरलेल्या डावांची संख्या एखाद्या तालमीच्या वस्तादालाही थक्क करणारी होती. प्रत्यक्ष कुस्तीत कोणी ढाक लावली वा एकलंगी भरली, तर ती ओळखणारा माणूस त्याच इमारतीत सापडेल याची मात्र खात्री देता येत नाही.

पेढ्याचे प्रकरण याहून सात्त्विक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा १९५२ च्या हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. या प्रकारात नेमबाज गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत नेम धरतो, आणि अंतिम फेरीत एकेक नेमबाज गळत जात असताना ४५१.४ गुणांपर्यंत पोहोचणे म्हणजे काय हे समजले तर श्वास रोखला जावा इतका तो रोमहर्षक आहे. पण त्यात कोणी पळत नाही, पडत नाही, ओरडत नाही. हालते ते फक्त बोट. अशा अवघड प्रसंगी वाहिनीची गाडी खेळाडूच्या गावाकडे वळते. तेथे अंगणात गर्दी जमलेली असते, आईच्या पुढे निरनिराळ्या रंगांच्या चिन्हांचे 'बूम', म्हणजे वाहिनीचे नाव मिरवणारे ध्वनिग्राहक, एकत्र धरलेले असतात, आणि 'काय भावना आहेत?' असे विचारले जाते. माउली पदर सावरून 'लई आनंद झाला' असे सांगते. याहून नेमके उत्तर त्या प्रश्नाला असूही शकत नाही. मग चुलता तिला पेढा भरवतो, आणि उशिरा पोहोचलेल्या कॅमेऱ्यासाठी तोच पेढा पुन्हा भरवतो. मधुमेही नातेवाइकांनी अशा दिवशी मागच्या खोलीत बसावे. पुढे त्याच पदकाच्या बक्षिसाची रक्कम पुरेशी की अपुरी असा वाद निघाला, तेव्हा नेमबाजी पुन्हा एकदा बातमीत आली आणि या वेळी तिला पॅरिसपर्यंत जावे लागले नाही.

हक्कांनंतर वाहिन्यांकडून सांगितले जाणारे दुसरे कारण टीआरपीचे. टीआरपी म्हणजे निवडक घरांत यंत्र बसवून कोण काय पाहते याचे केलेले मोजमाप. वाहिन्यांच्या मते प्रेक्षकच खेळ पाहत नाही, याचा तो पुरावा होय. जे दाखवलेच जात नाही ते पाहिले जात नाही, हे सिद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल अधिक बोलण्यासारखे काही नाही. शालेय क्रीडेलाही हे मोजमाप पूर्णपणे वर्ज्य मानीत नाही : २०१६ च्या जानेवारीत कल्याणला एका शाळकरी मुलाने भंडारी चषकात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा सर्वांच्या थेट प्रक्षेपणाच्या गाड्या तेथे हजर होत्या. यावरून आंतरशालेय स्पर्धेच्या बातमीसाठी किमान पात्रता चार आकडी असावी, असा अंदाज बांधण्यास हरकत नाही.

या परिस्थितीत जिल्हा संघटनांनी रडगाणे गात न बसता प्रचलित नियम आत्मसात करावेत हे उत्तम. अंतिम सामना अधिवेशन, निवडणूक, पक्षफूट, सोन्याच्या दराचा उच्चांक आणि अभिनेत्यांचे विवाह टाळून ठेवावा. तो दुपारी चारच्या आत संपवावा, कारण पाचनंतर खिडक्या उघडतात. विजेत्याच्या घरी पेढे दोन किलो जास्तीचे आणून ठेवावेत आणि चुलत्यास आदल्या दिवशीच गावी बोलावून घ्यावे. मिरवणुकीसाठी बस ठरवताना तिच्या पाटीवरील राज्य वादग्रस्त आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पंचांचा विमा उतरवावा आणि त्याचा हप्ता संघटनेच्या प्रसिद्धी खात्यातून भरावा. लेखापरीक्षकाने हरकत घेतल्यास त्याला अहिल्यानगरची ध्वनिचित्रफीत दाखवावी, ती शोधण्यास अजूनही फार वेळ लागत नाही.