माणशी तीन गळ

मासे पकडणं हा आळशी माणसाचा नाद आहे, असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांना एकदा आमच्या साडूंच्या होडीवर पहाटे चार वाजता उभं करावं. काठावर बसायचं, गळ सोडायचा, विडी पेटवायची आणि मासा लागेल तेव्हा लागेल म्हणून डुलकी काढायची, हे झालं नदीवरचं. मिशिगन सरोवरात सामन आणि ट्राउट पकडायचे तर होडी सतत चालती ठेवावी लागते आणि तिच्यामागे डझनभर दोऱ्या निरनिराळ्या खोलीवरून तासन् तास ओढत न्याव्या लागतात. याला ट्रोलिंग म्हणतात. वेग ताशी दोन ते तीन मैल. सकाळी बागेत फिरणारे पेन्शनरसुद्धा आपल्याला मागे टाकून जातील. पण त्यात अर्ध्या मैलाचा फरक पडला की साडू इंजिनाकडे असे बघतात, की इंजिनानं मान खाली घालावी.

मिशिगनला तलाव म्हणायचं ते केवळ पाणी गोडं आहे म्हणून. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून थोडंच कमी. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा उसळतात, वादळं होतात, जहाजं बुडतात. साडू मूळचे वेंगुर्ल्याचे. नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनला आले, तेव्हा एवढं पाणी बघून त्यांना भरून आलं. ओंजळीत घेऊन चाखलं तर मीठच नाही, म्हणून पुन्हा भरून आलं. त्या दुःखातून सावरण्यासाठी त्यांनी होडी घेतली. ती रसीनच्या बंदरात असते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची ताई, म्हणते, घराचे हप्ते फिटले, होडीचे फिटायचे नाहीत.

आम्ही शिकागोकडचे. उन्हाळा लागला की साडूंचा फोन येतोच. "या की रे, दोघंही या. किती दिवस झाले." आवाजात इतका ओलावा असतो की सख्खा भाऊ लाजावा. या ओलाव्याचा उगम विस्कॉन्सिन राज्याच्या मासेमारी नियमांत आहे. नियम असा, की माणशी तीन गळ. साडू एकटे गेले तर पाण्यात तीनच दोऱ्या. ताई बरोबर असली तर सहा. आम्ही दोघं आलो की बारा. आमच्या हिला जिवंत मासा बघवत नाही, ती पाठ करून बसते. पण ग्रेट लेक्सचं दोन दिवसांचं लायसन्स तिच्या नावावर निघतं आणि तिच्या पाठीमागे तीन दोऱ्या चालू राहतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर लायसन्सही लागत नाही. त्यामुळे साडूंना लहान मुलांचा भारी लळा. गल्लीतलं कुठलंही पोर दिसलं की ते आधी त्याचं वय विचारतात.

आता या बारा दोऱ्या एकमेकींत न गुंतवता ओढायच्या, ही खरी विद्या. होडीच्या मागच्या बाजूला डाउनरिगर नावाची कप्पीसारखी यंत्रं असतात. त्यांच्या तारेला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा. गोळ्याच्या जरा वर चिमटा, चिमट्यात रॉडची दोरी. गोळा शंभर फूट खाली सोडला की दोरीही तितकी खाली जाते. रॉड वाकून कमान होतो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, रॉड टुणकन सरळ उभा राहतो आणि साडू "फिश ऑन!" अशी आरोळी ठोकतात. डाव्या-उजव्या बाजूंना डिप्सी नावाच्या चकत्या दोऱ्या खाली आणि बाहेर खेचतात. त्याहून बाहेर प्लेनर बोर्ड नावाच्या फळ्या दोऱ्यांना होडीपासून लांब नेतात. शिवाय पोटात शिसं घातलेली एक दोरी असते, तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो. ती फुटांत मोजत नाहीत, रंगांत मोजतात. "पाच रंग सोड," असं साडू म्हणाले की मी पाच रंग सोडतो. इतक्या वर्षांत होडीवर माझी बढती इथपर्यंत झालेली आहे.

आमिष म्हणून खाण्याची एकही वस्तू नसते. असतात त्या पत्र्याच्या चमचेवजा पट्ट्या. त्यांना स्पून म्हणतात. साडूंकडे यांच्या पेट्याच्या पेट्या आहेत, आणि ताईच्या पैठण्यांत नाहीत इतके रंग त्यांत आहेत. एका रंगाचं नाव ‘वंडर ब्रेड’. दुसऱ्याचं ‘मंकी प्यूक’, म्हणजे माकडाची ओकारी. हे नाव मी रचलेलं नाही, दुकानात याच नावानं मागतात आणि सभ्य माणसं रांगेत उभी राहून घेतात. उजाडायच्या आधी अंधारात चमकणारे स्पून लावायचे असतात. त्यांना टॉर्चचा उजेड पाजावा लागतो. पहाटे चारला काळ्याकुट्ट पाण्यावर, स्वेटरवर लाइफ जॅकेट चढवून, मी एका हातात पत्र्याचा हिरवा तुकडा आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरून बसलेला असतो. साडू म्हणतात, "दोन्ही बाजूंनी नीट भाज." तो तुकडा भुतासारखा उजळला की पाण्यात जातो. मासा त्याला काय समजून खातो हे माशालाच ठाऊक.

पण साडूंचं खरं प्रभुत्व मासे का लागत नाहीत हे सांगण्यात आहे. उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी कोमट होतं, खालचं हाडं गोठवणारं राहतं आणि मधे कुठेतरी चिनूक सामनला मानवणारा दहा-बारा अंश सेल्सिअसचा पट्टा असतो. तो पट्टा गाठायचा. अडचण एवढीच की तो जागेवर राहत नाही. विस्कॉन्सिनच्या काठावर पश्चिमेचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी तलावाच्या मध्याकडे ढकललं जातं आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. पूर्वेचा वारा सुटला की उलट. कालच्या जागी आज मासे नसतात, आणि याला शास्त्रीय कारण आहे. त्यामुळे साडूंना एकही कारण कधी खोटं द्यावं लागत नाही. वारा पूर्वेचा होता. वारा पश्चिमेचा होता, पण कालपासूनच होता. वाराच नव्हता. काल पौर्णिमा होती, मासे रात्रीच जेवले. बाजूची होडी आमच्या वाटेत आली. ही सगळी कारणं संपली की पाहुण्यांकडे नजर वळते.

अशीच ती एकदा आमच्या हिच्या पिशवीकडे वळली. त्या दिवशी संकष्टी होती. उपासाच्या दिवशी मासे पकडायला जावं का, यावर घरी चर्चा होऊन "मी पकडणार नाही, नुसती बसणार" असा तोडगा निघालेला होता. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते आणि दोन केळी होती. दोन तासांत एकही रॉड हललेला नव्हता. तेवढ्यात पिशवी कलंडली.

"केळी? होडयेर केळी? कोणी हाडली ही?" साडू चिडले की वेंगुर्ल्याला जातात.

अमेरिकन होड्यांवर केळं अपशकुनी. का, ते विचारायचं नाही. इंजिनिअरिंगमधला डॉक्टरेट, जन्मभर पत्रिका न बघितलेला आमचा साडू केळ्याकडे असा बघत होता, जसा कुणी फणा काढून बसलाय. "पाण्यात टाक," म्हणाले. हिनं सांगितलं, "उपासाचं अन्न टाकायचं नाही, भावोजी." मग ताईनं मध्यस्थी केली, की खाऊन टाक, म्हणजे प्रश्न मिटला. हिनं दोन्ही केळी तिथल्या तिथे खाल्ली. आता प्रश्न असा उभा राहिला, की साली म्हणजे केळी काय? साडूंच्या मते होय. साली पाण्यात गेल्या. मी विचारलं, "आणि पोटातलं केळं होडीवर आहे की नाही?" यावर साडू बराच वेळ गप्प होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग काठाकडे बघितलं. काठ चार मैल लांब होता, म्हणून ती वाचली.

सुमारे वीस मिनिटांनी कोपऱ्यातला डाउनरिगरचा रॉड टुणकन सरळ झाला. पाळी माझी होती. रीलवर छोटी खिडकी असते, तिच्यात दोरी किती फूट बाहेर गेली त्याचे आकडे फिरतात. आकडा होता १६०. तिघंजण एकाच वेळी सूचना देऊ लागले. रॉड वर धर. रॉड खाली घे. फिरव. फिरवू नको. चिनूक लागला की आकडा उलटा पळतो, दोनशे, अडीचशे, रील किंचाळते आणि माणूसही. माझा आकडा शांतपणे उतरत होता. १४०, १२०, ९०. साडूंचा चेहरा आकड्यांबरोबर उतरत गेला. मग होडीमागे पाण्यावर बुडबुड्यांची एक रांग आली. वर येताना पोटातली हवा सोडणारा मासा म्हणजे लेक ट्राउट. "ग्रीझर," साडू म्हणाले आणि जाळी ताईच्या हातात देऊन कॉफी ओतायला गेले.

ग्रीझर म्हणजे तेलकट मेला. सामनच्या मागे लागलेले लोक लेक ट्राउटला हेच म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या माशांसाठी आम्ही पहाटे उठतो त्यांत या तलावाचा भूमिपुत्र तो एकटाच आहे. ब्राउन ट्राउट जर्मनीचा, १८८३मध्ये आणलेला. स्टीलहेड कॅलिफोर्नियाचा. सामन तर त्याहून अलीकडचे. नायगाऱ्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याच्या वाटेनं आधी लॅम्प्री आली, १९३६मध्ये ती मिशिगन सरोवरात दिसली. ही माशाला तोंडानं चिकटून त्याचं रक्त पिते. तिनं आणि बेसुमार मासेमारीनं मिळून लेक ट्राउटचा बाजार उठवला. त्याच वाटेनं आलेला एलवाइफ नावाचा छोटा अटलांटिक मासा १९४९मध्ये इथे सापडला. त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो बेफाम वाढला. १९६७च्या उन्हाळ्यात हे एलवाइफ इतके मेले, की किनाऱ्यांवर कुजलेल्या माशांचे ढीग पडले आणि ते उपसायला यंत्रं लावावी लागली.

तोवर मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी उपाय सुरू केलेला होता. पॅसिफिकच्या काठावरच्या ओरेगॉनमधून कोहो सामनची अंडी आणली, हॅचरीत वाढवली आणि १९६६मध्ये पिल्लं नद्यांत सोडली. १९६७मध्ये चिनूकही सोडला. एलवाइफ खाऊन सामन फुगले, आणि त्यांना पकडायला देशभरातून माणसं धावली. बंदरांना बरे दिवस आले, होड्या विकणाऱ्यांना त्याहून बरे. लेक ट्राउटलाही १९६५पासून हॅचरीतूनच पुन्हा सोडावं लागलं. म्हणजे मासा परप्रांतीय, त्याचं खाणं परप्रांतीय आणि पकडणारा वेंगुर्ल्याचा. आता क्वागा नावाचे परदेशी शिंपले जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आले आहेत. ते पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न फस्त करतात, त्यानं एलवाइफ घटले आणि सरकारनं चिनूक सोडणं कमी केलं. बाहेरच्यांचे लोंढे थांबवले पाहिजेत, असं यावर साडू म्हणतात. ग्रीन कार्डासाठी ते स्वतः किती वर्षं रांगेत होते, याची आठवण ताई लगेच करून देते.

सरकारी मासा ओळखायची एक खूण आहे. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. हॅचरीतून सोडताना बहुतेकदा तो कापतात. मी माझ्या ट्राउटला उताणा, पालथा करून बघितलं. एकूण एक पर शाबूत. तलावातच जन्मलेला, तलावातच वाढलेला, अस्सल इथला. साडूंना दाखवलं. ते म्हणाले, "असू दे. खोक्यात टाक, आणि बर्फ वर घाल."

बंदरावर मासे साफ करायला ओटे असतात. तिथे बाजूचे गोरे लोक दोन्ही बाजूंच्या चकत्या काढून उरलेला मासा, डोक्यासकट, टाकून देतात. ताईला हे सहन होत नाही. ती हसून एकेकाला "मे आय?" म्हणते आणि डोकी पिशवीत भरते. ऑगस्टात सामनच्या पोटात गाबोळी असते. तीही बरेचजण टाकतात, नाहीतर आमिष म्हणून ठेवतात. ताईला ती दिली की तिचा चेहरा असा होतो, की देणाऱ्याला वाटावं आपण हिला काय देऊन बसलो. सामन तेलकट, त्यामुळे त्याला आगळ आणि लाल तिखट चोळून रव्यात तळलं की झकास लागतो. डोक्यांचं तिखलं. साडू त्या वेळी दिवसभरात पहिल्यांदा हसतात.

आता हिशेब करू. मासा वाढवला सरकारनं, शोधला यंत्रानं, खेचला शिशाच्या गोळ्यानं, उचलला जाळीनं. आमच्या वाट्याला आलं ते फक्त रील फिरवणं आणि फोटो. आणि खाण्याचं म्हणाल, तर जुन्या कारखान्यांतली पीसीबी नावाची रसायनं या माशांच्या चरबीत साठलेली असल्यामुळे मोठे सामन आणि ट्राउट महिन्यातून एकदाच खावेत, असा विस्कॉन्सिन सरकारचा सल्ला आहे. एका जेवणासाठी होडी, इंजिन, बारा रॉड आणि माकडाची ओकारी. तरीही साडू पुढच्या वर्षीही बोलावणार आणि आम्ही जाणार.

तुमचा कुणी नातेवाईक मिशिगनच्या काठाला राहत असेल आणि उन्हाळ्यात फार मायेनं बोलावत असेल, तर जरूर जा. कोट जाड घ्या, लायसन्स आपल्या पैशानं काढा, लेक ट्राउट लागला तर त्याला मान द्या. आणि उपास असलाच, तर पिशवीत सफरचंदं ठेवा.