पिशवीत काय आहे, सांग!

चौथीच्या वर्गात 'माझी आई' निबंधाच्या चाळीस वह्या. चाळीस वह्यांत चाळीस आया, आणि सगळ्याच पहाटे पाचला उठतात. सगळ्याच 'खूप छान' आहेत. फळ्यावरून उतरवून घेतलेली आई आणखी कशी असणार?

गाईच्या निबंधाचंही तेच. गाईला चार पाय असतात हे बाईंना ठाऊक नाही का? मग पोरानं ते सांगायचं तरी कुणाला?

समोरच्याला दिसत नसेल तेव्हाच वर्णनाची गरज पडते.

एक जुनी कापडी पिशवी घ्या. आत चिंचोका, नारळाची शेंडी, सुकलेलं घोसाळं टाका. एकानं न बघता हात घालायचा, नाव न घेता वस्तू सांगायची, बाकीच्यांनी ओळखायची. 'छान' म्हणायला बंदी. परवा एका मुलीनं आत हात घातला, डोळे घट्ट मिटले. "खरखरीत आहे. हलकं. दाबलं की दबतं, सोडलं की फुगतं." जरा थांबून म्हणाली, "आजीच्या टाचेसारखं!" अख्खा वर्ग ओरडला, घोसाळं!

निबंधाच्या वहीत तिची आजी नुसतीच 'प्रेमळ' आहे.

हे खूळ आजचं नाही. माँटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली बालगृह काढलं. डोळे बांधून हातानं वस्तू ओळखणं त्यांच्या पद्धतीतलंच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया आणल्या. आपण काय आणलं? स्मार्ट बोर्ड. त्यावरचं घोसाळं हाताला लागत नाही.

शब्दांचंही तेच. धुतलेला सदरा पांढराशुभ्र, घाबरलेला चेहरा पांढराफटक. पोराला दोन्ही 'व्हाइट'. चूक पोराची?

सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानात मौखिक भाषाविकास आहेच. आणि वर्गात दिवसभर ऐकू येणारं वाक्य कुठलं? "शांत बसा!"

पोर्शन राहतो म्हणता? आठवड्यातली वीस मिनिटं काढा. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिला सांगतो, "घराच्या बाजूला झाड आहे." दुसरा झाड थेट दारात उभं करतो. मग जुंपते! "बाजूला म्हणालो होतो!" "कुठल्या बाजूला, ते कुठे सांगितलंस?"

बाई, मध्ये पडू नका. पुढच्या डावात तोच पोरगा सांगतो, "दाराच्या डावीकडे. कौलांपेक्षा उंच, पण विहिरीच्या अलीकडे."