अ‍ॅम्पला मीटर लावला म्हणे!

बाकी सगळं सोडा, पण धडगावच्या बाजारात उभं राहून कुणी दुसऱ्याच्या गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला मल्टिमीटर लावावा? तोही दिवसाढवळ्या, चार माणसांसमोर? तुम्हाला म्हणून सांगते, ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. तसे ते लग्नसराईत एरवीही ठेवावेच लागतात, पण या वेळी लाजेने ठेवले.

म्हणजे बघा, आजवर कसं सुरळीत चाललं होतं. क्रूझरच्या सीटखाली अ‍ॅम्प, मागे वूफर, काचेवर स्टिकर, आणि टिमली नाचाचं गाणं लावलं की पुढच्या पाड्यावरच्या कोंबड्या आधीच बाजूला. अ‍ॅम्पवर ५००० वॅट छापलेलं असायचं आणि ते सगळे मान्य करायचे. लग्नाच्या बायोडेटात मुलाचा पगार लिहितात ना, ‘सर्व मिळून’, तसंच. त्याची स्लिप मागायची नसते, मागितली की सोयरीक मोडते. आणि मी म्हणते, ज्या गावात नगरपंचायतीच्या पाटीलाच ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक’ एवढी जागा लागते, तिथे एका पत्र्याच्या डब्याने अंगावर दोन शून्यं जास्त मिरवली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?

पण आता ही नवी पोरं आली आहेत. आयटीआय केलेली, मोबाइलवर व्हिडिओ पाहणारी, खिशात मीटर बाळगणारी. ती आवाज ऐकत नाहीत, ती आधी फ्यूज बघतात. फ्यूज! पाहुण्याच्या घरी जाऊन पिठाचा डबा उघडून बघावा तसला आगाऊपणा. आणि वर हिशेब मांडतात: ‘काका, तुमच्या अ‍ॅम्पला ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे ६० अँपिअर. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४.४ व्होल्ट धरू. गुणाकार ८६४ वॅट. एवढे तर आत शिरतात. क्लास डी असला तरी बाहेर निघेपर्यंत वीसेक टक्के उष्णतेत जातात. राहिले सातशेच्या आत. मग उरलेले चार हजार तीनशे वॅट कुठून येतात?’

काका काय सांगणार? काकांनी अमचूरचे पैसे हातात आल्या आल्या शहाद्याहून तो अ‍ॅम्प आणलेला. ते म्हणाले, ‘कंपनीने लिहिलंय.’ एवढ्या साध्या, सज्जन उत्तरावरही पोरं हसली म्हणे. फ्यूज क्षणभर जास्त प्रवाह सोसतो, हे काकांच्या बाजूने सांगायला एकही जण पुढे आला नाही. सोसतो तो, पण सातपट नाही सोसत, हेही खरं.

खरी बेअब्रू तर डॅशबोर्डवरच्या साध्या स्टिरिओची झाली. त्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं, हे आपण सगळे श्रद्धेने वाचत आलो. आता यातली गोम ऐका. त्या स्टिरिओला व्होल्टेज चढवायचं यंत्र नसतं. जे काही आहे ते बॅटरीचे १४.४ व्होल्ट. स्पीकर ४ ओमचा. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा, येतात ५१.८. आले की नाही पन्नास? आले. पण कधी, तर आवाजाची लाट पूर्ण चौकोनी झाली, म्हणजे गाणं पार फाटून त्याचा नुसता खडखडाट उरला, तेव्हा. सरळ, गोल लाटेला याच्या निम्मे, म्हणजे २६. तेही आतल्या ट्रान्झिस्टरांनी स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही तर. ते ठेवतात. स्वच्छ आवाजाचे म्हणून हातात विशीच्या आसपास पडतात. अशा स्टिरिओंत वर्षानुवर्षं बसवली जाणारी टीडीए ७३८८ नावाची चिप आहे, तिला बनवणारेच ‘४५ वॅट गुणिले ४’ म्हणतात आणि त्याच कागदावर खाली, १० टक्के विकृती, म्हणजे आवाजाचा फाटकेपणा, मान्य केली तर आकडा पंचविशीच्या घरात, असं कबूलही करतात. छापील कबुली! वाचायला मात्र कुणी जात नाही.

आमच्या पिढीला याचं नवल नाही. १९९० च्या दशकात सेलवर चालणाऱ्या टू-इन-वनवर पीएमपीओ नावाचे वॅट शेकड्यांनी छापलेले असायचे. त्या आकड्याला ना नियम होता ना व्याख्या. ज्याच्या छापखान्यात शाई जास्त त्याचे वॅट जास्त. तरी घरात सगळे सुखाने रेडिओ ऐकायचे.

अमेरिकेत मात्र १९७४ मध्येच सरकारने दंडुका उचलला होता: अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट सांगायचे तर किती ओमला, किती विकृतीला, कोणत्या कंपनसंख्येच्या टप्प्यात हेही सांगा. पण तो नियम घरातल्या संचांपुरता. गाडीतला अ‍ॅम्प मोकळाच राहिला. शेवटी २००३ मध्ये तिथल्या उद्योगवाल्यांनीच सीईए-२००६ नावाचं मानक काढलं: १४.४ व्होल्ट, ४ ओम, विकृती १ टक्क्याच्या आत, आता सांगा आकडा. ते पाळायचं की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या मनावर. किती जणांच्या मनात आलं असेल, हे चांदसैली घाटात रात्री एखादी वाजती क्रूझर समोरून आली की कळतं. प्रत्येक ‘धम्’ला हेडलाइट डोळे मिटतात. बिचारा अल्टरनेटर दिवे सांभाळील, वायपर सांभाळील, बॅटरी भरील की तुमची टिमली वाजवील? ५००० वॅट खरेच काढायचे तर जराही नासाडी न धरता साडेतीनशे अँपिअर लागतात. त्याने शंभर अँपिअर दिले तरी पाय धरावेत त्याचे.

बरं, मोजायची रीत तरी सरळ असावी! तीही नाही. ही मंडळी आधी स्पीकर काढून ठेवतात. का, तर म्हणे स्पीकर बेभरवशाचा. ४ ओमचा म्हणून विकत आणायचा, पेटीत बसवला की सुराप्रमाणे त्याचे ओम चारचे दहा, वीस कितीही होतात. तेव्हा त्याच्या जागी ४ ओमचा जाडजूड रेझिस्टर. मग मोबाइलवरून गाणं नाही, तर ५० हर्ट्‌झचा एकसुरी ‘हूंऽऽ’. गेन हळूहळू चढवायचा, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाटेचं डोकं सपाट व्हायला लागलं की थांबायचं, व्होल्ट वाचायचे, वर्ग करायचा, चारने भागायचं. ४० व्होल्ट आले तर ४०० वॅट. संपलं. पाच हजारांच्या संसाराचा असा चार ओळींत निकाल लावतात!

आणि यांच्यातला जो सर्वांत बिघडलेला आहे, त्याने काय सुचवलंय ऐका. ऑसिलोस्कोप परवडत नाही ना, मग पाणी तापवायचे रॉड आणा. १५०० वॅटच्या रॉडचा रोध साधारण ३५ ओम. असे नऊ रॉड समांतर जोडले की झाले ४ ओम. ते २० लिटर पाण्याच्या टबात सोडायचे, अ‍ॅम्प जोडायचा, ‘हूंऽऽ’ चालू करायचं आणि थर्मामीटर धरून बसायचं. पाणी २० मिनिटांत १० अंशांनी तापलं तर ७०० वॅट. खरेच ५००० असतील तर पावणेतीन मिनिटांत तापायला हवं. पाण्याला स्टिकर वाचता येत नाही, असं तो वर म्हणतो. नऊ घरांतले रॉड एका टबात, आणि नऊ घरांतली माणसं थंड पाण्याने आंघोळ करणार! शिवाय कंपनी म्हणणार, आमचा आकडा १ ओमचा आहे. म्हणजे पस्तीस रॉड. गावाने आंघोळच सोडायची काय? खरं सांगू का, वीस मिनिटं अखंड ‘हूंऽऽ’ सोसून धूर न सोडणारा अ‍ॅम्पच विरळा. पाणी तापायच्या आधी तोच तापायचा.

एवढं करून कानाला काय फरक? वॅट दुप्पट झाले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, दहापट झाले तर १०. त्या दहाला आपला कान ‘दुप्पट मोठा’ म्हणतो. म्हणजे पाचशेवाला आणि खरोखरचा पाच हजारवाला यांच्यात अंतर ते एवढंच. कायद्यालाही वॅटशी देणंघेणं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. पोलिसांसमोर ‘साहेब, हे स्टिकर खोटं आहे, आतून फक्त सातशेच आहेत’ म्हणून सुटका होत नाही. आणि तसं म्हणायला कोणता मर्द तयार होईल, हा वेगळाच प्रश्न. होळीला पावरा मंडळींचा मोठा ढोल वाजतो तेव्हा तर फ्यूजच नसतो बघायला. पोरं त्याच्याभोवती हिरमुसून फिरतात.

आता नवीन ऐका. पोरांमध्येच फूट पडली आहे. एका गटाकडे स्वस्तातला मीटर, दुसऱ्याकडे ट्रू आरएमएसवाला. स्वस्त मीटर सरळ लाटेचा हिशेब धरून बसलेला असतो; लाट फाटून चौकोनी झाली की तो व्होल्ट अकरा टक्के वाढवून सांगतो, आणि वर्ग केल्यावर वॅट तेवीस टक्के फुगतात. म्हणजे जितका आवाज फाटका तितका मालक खूश! साहजिकच अ‍ॅम्पवाल्यांची रीघ स्वस्त मीटरकडे, आणि ट्रू आरएमएसवाल्याला लग्नाचं बोलावणंसुद्धा येईना.

त्यात एका वायरमनने आपला टाँग टेस्टर आणला आणि बॅटरीच्या वायरीला चिमटा लावला. तो साधा, फक्त एसी ओळखणारा. बॅटरीचा डीसी त्याच्या जबड्यातून गेला तरी त्याला काही समजत नाही. आकडा आला जेमतेम तीन अँपिअर. वायरमन गोंधळला, पोरं हसली. पण अ‍ॅम्प विकणारा दुकानदार तिथेच उभा होता. त्याने त्या आकड्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी दुकानावर कागद चिकटवला: पाच हजार वॅट, करंट फक्त तीन अँपिअर, डिझेलची बचत. दुपारपर्यंत दोन गेले म्हणे.