सुभेदारांची स्वारी, हत्तीतून

घोड्याला गाडी घ्यायची तर घोडा बरोबर न्यायला हवा, हे मामांचं म्हणणं. "चपला घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जातोस का?" असं त्यांनी विचारल्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यामुळे दिवाळीचा पाडवा उलटल्यावर भिगवणहून आमची जी वरात निघाली तिच्यात टेम्पो चालवणारा पोरगा, शेजारी मामा, मामांनी व्यापून उरलेल्या सीटवर मी आणि मागं हौद्यात सुभेदार असे चौघे होतो. टेम्पो म्हणजे छोटा हत्ती. तट्टू हत्तीच्या हौद्यात उभं राहून निघालंय म्हटल्यावर पहिल्याच चहाच्या टपरीवर गर्दी जमली. "कुठं निघालाय?" या प्रश्नाला मामांनी "टांगा बघायला" असं उत्तर दिलं आणि पुढं कुणी काही विचारलं नाही.

सुभेदार हे भीमथडी तट्टू. भीमेच्या काठचं हे जनावर एके काळी मराठ्यांच्या घोडदळात होतं. आता ते बहुतेक धनगरांच्या वाड्याबरोबर चालतं. मेंढरं चराईला निघाली की या तट्टांच्या पाठीवर अख्खा संसार चढतो. पाल, भांडी, कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू आणि त्या सगळ्यावर एखादं शेंबडं पोर. उंची कमी, खूर टणक, खाणं मिळेल ते. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सुभेदारांच्या कुळाची नोंद झाली. माझा सातबारा अजून तिथंच आहे."

मामांचा मूळ बेत सुभेदारांवर बसून शेताला फेरी मारण्याचा होता. तो मी मोडला. ओझ्याच्या जनावरांबद्दल केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत आणि त्यात तट्टाच्या पाठीवर ७० किलोच्या वर भार टाकायचा नाही असं लिहिलेलं आहे. मामा ९४ किलो. "सगळा एकदम कुठं बसतोय," असा बचाव त्यांनी केला, पण पुढची ओळ वाचल्यावर त्यांचा चेहरा खुलला. तेच तट्टू दोन चाकी गाडीला जुंपलं तर, हवेचे टायर नसले तरी, ४०० किलोपर्यंत चालतं. माणसं मात्र हाकणारा सोडून चारच. "म्हणजे मी, तुझी मामी, आणि वर दोन पोती कांदा," मामांनी हिशेब केला. पाठीवर ७० आणि गाडीला ४०० हा फरक कुठून येतो, याचा विचार त्या वेळी आमच्यापैकी फक्त सुभेदारांनी केला असावा.

पहिला मुक्काम अकलूज. दिवाळीच्या पाडव्यापासून तिथं घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. बाजारात घोड्याची उंची इंचात सांगतात. जो तो "बासष्ट", "चौसष्ट" असे आकडे फेकत होता. सुभेदार खांद्याच्या उंचवट्यापाशी सेहेचाळीस. एका व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं कौतुकानं पाहून विचारलं, "शिंगरू किती महिन्यांचं?"

"नऊ वर्षांचं," मामा म्हणाले.

व्यापाऱ्यानं घाईघाईनं चहा मागवला.

बाजाराच्या कडेला वरातीच्या बग्ग्या होत्या. चार चाकं, पत्र्याचे मोर, लाल मखमल आणि खालच्या बॅटरीवर लुकलुकणारे दिवे. मामा एकीत चढून बसले आणि उतरायचं नाव घेईनात. मला कबूल केलं पाहिजे की बग्गी त्यांच्या अगदी मापाची होती. पाठ टेकत होती, पाय पोचत होते, हात ठेवायला दोन सिंह होते. गाडी घेणारे बहुतेक लोक इथंच फसतात. ते आपण बसून बघतात. ज्याला पुढं जुंपायचं त्याला कुणी विचारत नाही, आणि इथं तर दोन साठ इंची घोडे जुंपायचे होते. सुभेदारांना बग्गीपाशी आणलं तर त्यांची पाठ पायरीच्या जरा वर आली. त्यांनी मखमलीची झालर हुंगली आणि वीतभर खाल्ली. झालरीचे पैसे देऊन आम्ही पंढरपूरचा रस्ता धरला.

पंढरपुरात कार्तिकीची गर्दी जमू लागली होती. स्टेशनापासून देवळापर्यंत टांग्यानं जाणाऱ्या वारकऱ्यांच्या पिढ्या झाल्या. रिक्षा आल्या तरी जुन्या टांगेवाल्यांनी ती ओळख राखली. त्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांचा टांगा विकायचा आहे असं टेम्पोवाल्याला कळलं होतं. टांगा देखणा. सागवानी चाकं, तुंब्यावर पितळ, आऱ्यांना ताजा हिरवा रंग. चाचांनी सुभेदारांकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, आणि टांगा विकायची त्यांची इच्छा माझ्यादेखत मावळली.

"नाही जमायचं, पाव्हणं."

"जुंपून तर बघा," मामा म्हणाले.

जुंपलं. टांगा छप्पन्न इंची घोड्यासाठी बांधलेला. सुभेदारांच्या पाठीवर दांड्या टेकल्या तेव्हा त्या पुढं उतरत्या झाल्या आणि मागून सगळा टांगा पुढं वाकला. दांड्यांची टोकं छातीच्या कितीतरी पुढं जाऊन नाकाच्या रेषेत आली. आतली रुंदी एवढी की सुभेदार डावीकडं सरकले तर उजवीकडं अजून एक सुभेदार उभे राहिले असते. मामा चढले. टांगा स्थिर होता, पण मामा नव्हते. उतारावरून ते सावकाश, कुठलीही घाई न करता, सुभेदारांच्या पुठ्ठ्याकडं घसरू लागले. शेवटी त्यांनी दोन्ही पाय फळीला रोवून स्वतःला थांबवलं आणि "तसा आरामशीर आहे," असं जाहीर केलं. सुभेदारांचे चारही पाय मात्र जमिनीत रुतल्यागत झाले होते.

चाचांनी मामांना उतरवलं आणि विचारलं, "मालक, टांगा घोडा ओढतो का उचलतो?"

"ओढतो."

"मग उचलायला का लावताय?"

पुढचा पाऊण तास चाचा बोलत होते आणि वारकरी आमच्याभोवती कीर्तनाला जमावेत तसे जमत होते. दोन चाकांची गाडी ही तराजू आहे, हा त्यांचा मुद्दा. आस म्हणजे मधला काटा. माणसं बसल्यावर सगळं वजन आसावर तोललं गेलं तर ते चाकांनी वाहायचं आणि घोड्यानं फक्त ओढायचं. चारशे किलो ती चाकं उचलतात, घोडा नाही. पण गाडी पुढं वाकली की तेच वजन दांड्यांवरून घोड्याच्या पाठीवर येतं, आणि मागं कलली तर उलाळ होते. मग दांड्या वर उठतात आणि पोटपट्टा घोड्याला खालून वर खेचायला लागतो. चाचांनी स्वतःचा दुसरा टांगा, म्हणजे धंद्यातला, आणून दाखवला. घोडा जुंपलेला, वर चार माणसं. दांड्या जमिनीला समांतर. त्यांनी मला दोन बोटं दांडीखाली घालायला सांगितली. दांडी उचलली गेली! चार माणसांची गाडी दोन बोटांवर हलते हे पाहून मी खरोखर चकित झालो, आणि माझ्यामागून सातआठ वारकऱ्यांनीही रांगेत येऊन दोन बोटं लावून पाहिली. एका आजींनी दांडीला नमस्कार केला.

"सवारी चढली की मी तोंड बघत नाही, बूड बघतो," चाचा म्हणाले. टांग्यात पाठीला पाठ लावून बसायचं असतं, निम्मे पुढं तोंड करून, निम्मे मागं. जाडा माणूस मागं एकटा बसला की टांगा उलाळ, म्हणून चाचा त्याला गोड बोलून पुढं घेतात. "त्याला वाटतं मान दिला."

मामांना हे झोंबलं असावं. चाकं लहान करून टांगा खाली आणता येईल की, असं त्यांनी सुचवलं. "चाक लहान झालं की खड्डा मोठा होतो, मालक," चाचा म्हणाले. मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं, लहान चाक त्यात उतरतं आणि ते वर काढायला पुन्हा घोडाच. शिवाय दांड्या कापायच्या, रुंदी कमी करायची, ओढ घ्यायचा आडवा दांडा खाली आणायचा. छातीपट्ट्यापासून तिथपर्यंतचे पट्टे ताणल्यावर सरळ रेषेत आले पाहिजेत, नाहीतर पट्टा एकतर नरड्यावर चढतो किंवा पुढचे पाय अडवतो. "एवढं सगळं कापल्यावर माझा टांगा राहतो कुठं?"

तेवढ्यात गर्दीतल्या कुणीतरी जत्रेत पोरांना फिरवायची एक गाडी आणली. स्कूटरची चाकं, वर प्लास्टिकचा हंस. दांड्यांची लांबी, रुंदी सुभेदारांना बेताची होती. मामा हंसाच्या पाठीवर टेकले मात्र, दांड्या आकाशाकडं गेल्या, पोटपट्टा ताणला आणि सुभेदारांचे पुढचे खूर जमिनीला जेमतेम टेकलेले राहिले. "उलाळ!" वारकऱ्यांनी एका आवाजात निदान केलं. शिकवलेलं इतक्या लवकर वापरायला मिळण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

चाचांनीच मिरजेच्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. सांगोल्याच्या डाळिंबबागा मागं टाकत निघालो. वाटेत खिल्लार बैलांची एक जोडी दिसली. तिनं हत्तीतल्या सुभेदारांकडं असं काही पाहिलं की सुभेदारांनी तोंड फिरवलं.

मापाच्या भानगडीसाठी मिरजेइतकं योग्य गाव दुसरं नसेल. या एकाच स्टेशनात एके काळी तीन मापांचे रूळ होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज. एका गाडीचा डबा दुसरीच्या रुळावर चढायचा नाही, म्हणून माल हमालांच्या पाठीवरून या गाडीतून त्या गाडीत जायचा. पंढरपूरला १९०६ मध्ये पोचलेली ती छोटी गाडी मिरजेला १९२७ मध्ये आली. ती आखणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर मला या प्रवासात वारंवार आठवत होता. लहान रुळावर मोठा माल न्यायचा तर वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं पाहिजे, एका आसावर पाच टनांच्या वर नाही, हा त्याचा हट्ट. हा गृहस्थ घरी अरबी घोडे पाळायचा आणि घोड्यांवर त्यानं एक पुस्तकही लिहिलं. मी हे मामांना सांगितलं. "त्याला आपल्या चाचांनी शिकवलं असेल," ते म्हणाले. काळ जुळत नव्हता, पण मी वाद घातला नाही.

मिस्त्रींचं दुकान सतारीच्या गल्लीपासून लांब नव्हतं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी इथं सतारी आणि तंबोरे करायला घेतले, त्या गल्लीत अजूनही भोपळे टांगलेले दिसतात. चांगला भोपळा निवडताना तिथले कारागीर जेवढं निरखतात तेवढंच मिस्त्रींनी सुभेदारांना निरखलं. चारी बाजूंनी फिरले, चालवून पाहिलं, मागं सरकवून पाहिलं. मग टेप काढली. जमिनीपासून खांद्याचा उंचवटा. छातीच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंत. सर्वांत रुंद जागी पोट. दांड्या पोटाला घासू नयेत आणि वळताना टोचू नयेत, एवढी दोन्हीकडं मोकळीक. दांडीचं टोक खांद्याच्या सांध्यापाशी संपलं पाहिजे. पुढं आलं तर वळताना मानेला लागतं. मागच्या पायाचा गुडघा चालताना किती मागं येतो, हे त्यांनी खडूनं जमिनीवर आखून घेतलं, म्हणजे गाडीची पुढची फळी तेवढी लांब ठेवता येईल. चाकाची उंची त्यांनी शेवटी ठरवली, आणि तीही उलटी. दांडी पाठीवर जिथं समांतर टेकणार तिथून खाली मोजत आसापर्यंत. उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून पुठ्ठ्यामागून पट्टा हवाच, असं त्यांनी दोनदा बजावलं. लाकडी चाक, लोखंडी धावेवर रबर, खाली पाटे. गाडी मात्र हलकी. "गाडीच जड केली तर मालकांना जागा राहत नाही."

मामा या सगळ्यात कडेला उभे होते. मखमलीचा विषय त्यांनी काढून पाहिला; मिस्त्रींनी वहीतून मान वर केली नाही.

"मालकांचं माप?" त्यांनी अखेर विचारलं. मामांनी सदऱ्याची बटणं नीट केली. "उंची की छाती?"

"वजन."

"ऐंशी," मामा म्हणाले.

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली आणि आम्हाला शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. काटा शहाण्णववर थांबला. अकलूजची भेळ आणि पंढरपूरचे पेढे त्यात कुठं बसले होते, हे सांगणं अवघड होतं. मिस्त्रींनी शहाण्णव लिहिलं, खाली रेघ मारली आणि बैठकीखाली दोन पट्ट्या काढल्या. बैठक या पट्ट्यांवर पुढं-मागं सरकेल, बोल्टनं पक्की होईल. मामी बसली तर बोल्ट मागच्या भोकात, मामा एकटे असले तर पुढच्या.

"आणि कांद्याची पोती?"

"ती टेम्पोत," मिस्त्री म्हणाले.

विसार दिला. गाडी माघात मिळेल असं ठरलं. सुभेदारांना पुन्हा हौद्यात चढवताना मिस्त्री स्वतः हात द्यायला आले, आणि मामांना म्हणाले, "जनावराची उंची आता वाढायची नाही. माप बदललं तर तुमचंच बदलेल. किलो-दोन किलो इकडंतिकडं झालं तरी फोन करा, आस पक्का करायच्या आत."

मामांनी नुकतीच फोडलेली भडंगाची पुडी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. कवठेमहांकाळ येईपर्यंत ती त्यांनी दोनदा परत मागून घेतली.