जंताची गोळी दिली होती, मग जुलाब कसले?

राष्ट्रीय जंतनाशक दिन आला की अंगणवाड्यांत आणि शाळांत अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटतात. २०१५पासून हा कार्यक्रम चालू आहे, १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी गोळी, कुस्करून. गोळी द्यायलाच हवी, त्यात वाद नाही.

पुढच्याच महिन्यात पोराला जुलाब लागतात आणि घरचे चक्रावतात. ‘जंताची गोळी दिली होती की!’ दिली होती. पण कोणत्या जंतांची?

ती गोळी गोलकृमींची आणि अंकुशकृमींची. मुलाचं अन्न खाणं, रक्त पिणं, वाढ खुंटवणं ही त्यांची कामं. तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या जुलाबांमागे जे परजीवी बहुधा सापडतात ते वेगळेच आहेत. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम. एकपेशीय, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे. जिआर्डियाला ही एक गोळी पुरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमवर तर या गोळीचा काडीचा उपयोग नाही.

नावं जिभेवर चढत नाहीत म्हणून हे परजीवी परदेशातले समजू नका.

आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. त्यात आपलं कोलकाताही होतं. २०१३ साली निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर जुलाबांची जी चार प्रमुख कारणं निघाली, त्यांत रोटाव्हायरसच्या पंगतीला क्रिप्टोस्पोरिडियम होता. रोटाव्हायरसची लस आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. माणसांसाठी क्रिप्टोची लस जगात कुठेच नाही.

आणि आपण कारण कशात शोधतो? दात येतायत. दृष्ट लागली. फार गोड खाल्लं.

दात येण्याच्याच वयात मूल रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. दोष दातांवर जातो, जमिनीवरची घाण सहीसलामत सुटते.

मग मेडिकलवाला. वय विचारत नाही, ताप विचारत नाही, शीत रक्त आहे का हेही विचारत नाही. ‘लूज मोशन’ म्हटलं की जुलाबाचं अँटिबायोटिक सिरप काउंटरवर. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर या सिरपचा परिणाम शून्य. क्रिप्टोवरही शून्य.

कुणी डॉक्टरांकडे गेलंच तर शी तपासली जाते. रिपोर्टवर ‘ओव्हा, सिस्ट : नॉट सीन’. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण जिआर्डिया रोज शीत उतरत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने द्यावे लागतात. क्रिप्टोसाठी वेगळी रंगप्रक्रिया लागते, ती सांगितल्याशिवाय होत नाही. जे शोधलंच नाही ते दिसणार कसं?

जुलाब चौदा दिवसांवर गेले, शी तेलकट, फेसाळ, कुबट वासाची होतेय, पोट फुगतंय, वजन हलत नाही, तर हे दोन-तीन नमुने आणि ही रंगप्रक्रिया डॉक्टरांकडे स्वतः मागा. संकोच करू नका.

आता पाणी. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली, क्लोरीनच्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला, वहीत नोंद झाली. गावाची जबाबदारी संपली? टीसीएल जिवाणू मारते, ती टाकायलाच हवी. जिआर्डिया मात्र क्लोरीनला बराच वेळ दाद देत नाही आणि क्रिप्टो तर देतच नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून चार लाखांवर माणसं आजारी पडली, ती याच क्रिप्टोनं. फडक्यानं पाणी गाळलं तरी तो आरपार जातो.

पाणी खळखळून उकळलं की दोघेही मरतात. निदान पाच वर्षांखालच्या मुलाचं पाणी तरी उकळा.

पण हे पाण्यात येतात कुठून? शीतून. आणि इथे आपली सगळ्यात मोठी चूक आहे.

बाळाची शी आपल्याला घाण वाटतच नाही. दूध पितं, त्याची कसली घाण? मग दुपटं सार्वजनिक नळावर धुतलं जातं, तिथेच शेजारीण कळशी भरते. शी कागदात गुंडाळून उकिरड्यावर, नाहीतर सरळ गटारात. घरात संडास आहे, मोठी माणसं वापरतात, बाळाची शी तेवढी उघड्यावर. यांच्यामुळे जुलाब झालेल्या बाळाच्या शीत हे परजीवी लाखोंनी असतात आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला दहाएक पुरतात.

ती शी संडासात टाका. मग हात साबणानं धुवा. सॅनिटायझर चोळून क्रिप्टो मरत नाही. गोठ्यात वासरू असेल तर त्याला हात लावल्यावरही धुवा, वासरांच्या शेणातूनही तो येतो.

जुलाब कशानंही होवोत, बाळ दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी संपून. ओआरएस घोट-घोट पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका, झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस द्या. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळतं, पैसे पडत नाहीत. बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शीत रक्त दिसलं, तर घरगुती उपाय सोडा आणि दवाखाना गाठा.

आणि पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: अंगणवाडीतल्या पिंपातलं पाणी मुलं कशानं काढतात? पेला बुडवून काढत असतील, तर वीस मुलांची बोटं त्या पाण्यात बुडतात. तोटीचं पिंप आणि लांब दांड्याचं ओगराळं याच महिन्यात मागून घ्या.