नाकाच्या चाकाची मीमांसा

विमान हवेत का तरंगते यावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. तेच विमान गेटपासून धावपट्टीपर्यंत वळत कसे जाते, या प्रश्नाला मात्र विद्वानांनी हात लावलेला दिसत नाही. ती उणीव सिम्युलेटरपुढे रात्री जागवणाऱ्या साधकांनी भरून काढली असून, रिवाजाप्रमाणे त्यांच्यात दोन पंथ पडले आहेत.

रुंदकोनी पंथ फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमधल्या, जेएसबीसिम या उड्डाण-गणिताच्या इंजिनावर चालणाऱ्या विमानाची एक्सएमएल फाइल उघडतो आणि ‘मॅक्स स्टीअर’ म्हणजे नाकाच्या चाकाच्या कमाल वळणकोनापुढचा आकडा १० चा ७० करतो. टॅक्सीवेवर विमान रिक्षासारखे जागच्या जागी वळते. उड्डाणाच्या धावेत मात्र रडरला नुसता अंगठा लागला, की स्वारी गवतात. अरुंदकोनी पंथ ५ वर ठाम असतो. त्याचे विमान धावपट्टीवर नाकासमोर चालते, पण तिथवर पोचत नाही. पहिल्याच काटकोनात ते टर्मिनलमध्ये शिरते. अतिलोभी लोक थेट ३६० लिहितात. शास्त्राने त्यांच्यासाठी खास शिक्षा ठेवली आहे: जेएसबीसिममध्ये ३६० म्हणजे चाक मोकळे सोडले, ते आता तुमचे ऐकणार नाही.

दोन्ही पंथ एकच आकडा शोधत बसले आहेत, आणि तसा आकडा नाहीच. एअरबस ए३२० मध्ये वैमानिकाच्या हाताशी टिलर नावाचे हातचाक असते, त्याने नाकाचे चाक ७५ अंश वळते. पेडलने फक्त ६. शिवाय वेग वाढेल तसा हा अधिकार आटत जातो. टिलरचा ७० नॉटला संपतो, पेडलचा १३० ला. गरीब सेस्ना १७२ ला हे वैभव नाही. तिथे पेडलने सुमारे १० अंश मिळतात. जास्त हवे तर एका बाजूचा ब्रेक दाबून ३० पर्यंत जायचे. म्हणजे ज्या वळणासाठी आपण फाइल फाडत होतो, ते ब्रेकच्या कळीत होते.

माझा निर्णय मात्र दोन्ही पंथांना रुचणार नाही. दोष बहुधा कोनात नसतोच. काटकोनी वळण साधारण १० नॉटने घ्यायचे असते, आणि आपले साधक ते ४० ने घेतात. तेव्हा आधी वेग उतरवा. एवढे करूनही फाइलला हात लावायचाच असेल, तर मूळ फाइलची प्रत अगोदर काढून ठेवा.